बारा यंत्रांवरची तुझी पहारेदारी

कैरो, रमजान, दुपार

प्रिय वगीह,

रमजानच्या शुभेच्छा. तुझा रक्तदाब आणि मावशीचे गुडघे आटोक्यात असावेत. आपण कालपासून बोलत नसल्यामुळे हे पत्र दारवान रशवानकाकांबरोबर वरच्या मजल्यावर पाठवत आहे.

वस्तुस्थिती क्रमाने अशी. पहिली: आपल्या मालिकेचा आजचा भाग रोजा सोडण्याची सूर्यास्ताची तोफ होण्याआधी वाहिनीच्या हाती पडला पाहिजे. दुसरी: तो अद्याप संकलकांच्या पडद्यावर अडखळत आहे. तिसरी: आज उशीर झाल्यास माझी साठवण-व्यवस्था मोडीत निघेल आणि तिच्यासोबत मीही. आपले निर्माते हाज बयूमी सकाळीच म्हणाले, "डॉक्टरीणबाई, तुमच्या बारा यंत्रांचं कौतुकच आहे. पण माझा भाचा पिशवीत डिस्क घालून पायी निघाला तरी त्यांच्याआधी पोचेल." (रोजा असूनही हे गिळावे लागले.)

बारा यंत्रे मिळून एकच भांडार भासावे, अशी रचना मी केली. दोष मी प्रथम वरच्या थरात शोधला. तो तिथे नव्हता (तो थर मी लिहिला आहे). मग खाली पाहिले. प्रत्येक यंत्राच्या डिस्कवर त्याची स्वतःची फाइलव्यवस्था असते आणि अखेर सारे ओझे तीच वाहते. मालिकेचा शेवट वर्तमानपत्रांत फुटू नये म्हणून तिथे तू हुकूम देऊन ठेवला होतास, की कोणतीही फाइल उघडली की वेळ नोंदवावी. मालिकेचे एकेक चित्र (सेकंदाला पंचवीस) म्हणजे वेगळी फाइल. संकलक नुसते पाहतात आणि डिस्क बिचारी लिहीत बसते. शिवाय नोंद होते ती केवळ वेळेची. चोर केव्हा आला ते कळेल. कोण आला, हे त्यालाच विचारावे लागेल. मी जाब विचारला तेव्हा तू काय म्हणालास? "ताई, वरून सगळं झकास दिसतंय ना? मग खाली कशाला वाकून बघतेस?" उच्चशिक्षित माणसाशी असे बोलत नाहीत.

ही नोंद बंद करण्यास मला तुझ्या संमतीची आवश्यकता नाही. तुझ्यावाचून माझे काहीही अडलेले नाही.

तुझी मावसबहीण,
डॉ. इन्साफ

ता.क. अकरा यंत्रांवरची नोंद मी बंद केली. ती आता वाऱ्यासारखी धावतात. परंतु प्रत्येक चित्राचे तुकडे बाराही यंत्रांवर विखुरलेले असल्यामुळे ती धावत जातात आणि बाराव्याची वाट पाहत थांबतात.

ता.क. २. बाराव्याचा पासवर्ड तू बदलला आहेस. तो कळव. तोंडी नको, तोंडी तू "इन्शाअल्ला" म्हणशील आणि झोपशील. लेखी हवा, सुवाच्य अक्षरात, कागद चारदा दुमडून. उत्तर हाती पडल्याखेरीज रशवानकाका जिना उतरणार नाहीत.