वाटीतला भोपळा

बाबा,

मी हॉटेलात कामाला चालले आहे. पावाला लावायचं माझं भोपळ्याचं डिप मोठ्या आचाऱ्यांना इतकं आवडलं की आजपासून ते मेनूवर आलंय! भोपळा भट्टीत चांगला करपेपर्यंत भाजून, लसूण, तीळ नि लिंबू घालून मीच वाटलंय. गणितात भोपळा मिळाला तेव्हा तुम्ही म्हणालात, "हिच्या नशिबात भोपळाच!" तुमचं अगदी खरं निघालं बघा.

कॉलेज सोडल्यापासून तुम्ही माझ्याशी बोलत नाही, तर आजही बोलू नका. ओट्यावर झाकलेली वाटी तुमची आहे. बीपीमुळे मीठ बेतानंच घातलंय. संध्याकाळी वाटीत भोपळा उरला नसेल, तर मी पास झाले असं समजेन.

तुमची,
ढ