पहिल्या नारळाचा मान

आप्पा, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, की तुम्हाला पाहिलेली माणसं गावात बोटांवर मोजण्याइतकी उरलीत. तुमच्या नातवाचं त्यामुळेच फावलं. यात्रेआधी त्यानं देवळाच्या दारात काळ्या ग्रॅनाइटची पाटी बसवली: घनदाट रान तोडून हे गाव आमच्या घराण्याने वसवले. रान तोडलं म्हणे! या मुलानं जन्मात बाभळीची फांदी तोडलेली नाही.

मला एक यात्रा आठवते. कॉन्व्हेंटच्या सुट्टीत मी आलेय, पायांत पांढरे मोजे, आणि सगळं गाव उन्हात ताटकळलंय, कारण डोंगराकडच्या आदिवासी वाडीवरून ठाकर अजून यायचाय. त्यानं पहिला नारळ फोडल्याशिवाय पालखी हलायची नाही. मी विचारलं, "जमीन आपली, मग आपण का थांबायचं?" तुम्ही चारचौघांत माझा कान पिरगाळलात. "रान त्यांनी तोडलं, पहिली विहीर त्यांनी खणली. आपण मागनं आलो. त्यांनी जागा दिली म्हणून राहिलो." मग ती जमीन आपली कशी झाली, ते मात्र तुम्ही कधी सांगितलं नाहीत. नारळाचा मान त्यांना दिलात आणि जमीन ठेवलीत.

यंदा त्या ठाकराचा नातू नारळ घेऊन आला. तुमचा नातू म्हणाला, "पावणं, लाइनीत या."

मी पुढे झाले. "अरे, पाहुणे आपण आहोत."

"आत्या, लई जुनं व्हतं ते. पुरावा हाय का?"

"तुझा आजा दरसाल यांच्या मागं हात जोडून उभा राहायचा, हा पुरावा."

"आजा भोळा व्हता."

लोक हसले. ठाकर हसला नाही. "पाटीवं लिवलंय ना? मंग तुमीच फोडा," म्हणाला आणि नारळ काखेत मारून डोंगराकडे चालू लागला. कुणी हाक मारली नाही. नारळ तुमच्या नातवानं फोडला. पालखी वेळेवर निघाली, डीजेसकट.

घरी येऊन मी त्याला असं सुनावलं की सूनबाई स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. पाटी काढ म्हटलं. "सिमेंट वाळलं, आत्या," एवढंच बोलला.

हे तुमच्याशिवाय कुणाला सांगू, आणि तुम्हाला तरी कुठल्या पत्त्यावर पाठवू? एक मात्र राहिलं. पाटी मी आदल्या दिवशीच पाहिली होती. आपलं आडनाव सोनेरी अक्षरांत होतं. मी फोटो काढला आणि परदेशातल्या माझ्या मुलीला पाठवला. राग दुसऱ्या दिवशी आला.