पुलावरची शेवंती

वोयको,

ओळखपत्राचं कार्ड घरी विसरलं, हे मी पुलावरच मान्य केलं होतं ना? मग पुन्हा पुन्हा काय विचारत होतास?

जानेवारीत सीमेवरचं फाटक काढलं तेव्हा त्या पुलावर पोलिसाच्या वर्दीत तूच नाचलास. मग मलाही रिकाम्या खिशाने यायची सवय लागली. गेल्या महिन्यात तपासणी परत सुरू झाली, हे माहीत होतं. पण सर्व संतांचा दिवस, आईच्या थडग्यावर निघालेली, एका हातात शेवंतीची कुंडी, दुसऱ्यात मेणबत्त्या. कार्ड कुठलं आठवतंय?

"ताई, कार्ड नाही तर मागे फिर."

"अरे, तुझा शेंबूड पुसलाय मी!"

"ते माझ्या यादीत नाही."

मागचे लोक हसले, मीही हसले. मग तू हळूच म्हणालास, "तू लग्न करून क्रोएशियाची झालीस. आम्हाला स्लोव्हेनिया सांभाळायचाय."

कार्ड मागितलंस, ते तुझं कामच आहे. पण 'आम्हाला' म्हणजे कोणाला? आईला धरून?

कुंडी तुझ्या टेबलावर ठेवून मी परतले. मावशी फोनवर म्हणाली, कुंडी अजून तिथेच आहे.

हे पत्र चुलीत जाईल. आज कार्ड खिशात आहे, पण पुलावरून येणार नाही. आई आपल्याला जिथून इकडे तिच्या माहेरी, आजीकडे न्यायची, तिथे नदी अजून गुडघाभरच आहे. तेव्हा तिथे सीमा नव्हती. मेणबत्त्या घेतल्यात, बूट काढलेत. अडवायचं असेल तर तुलाही पाण्यात उतरावं लागेल.

निघाले.

येरीत्सा