पंचेचाळीसच्या आत

गुरुवार, १४ तारीख
सकाळचे सव्वासात

चि. ठमीस,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळे बरे. हे पत्र घेऊन तुझी वहिनी स्वतः येते आहे, आणि तुझं वाचून होईपर्यंत समोरून हलायचं नाही असं मी तिला बजावलं आहे. तिला चहा दे, पण बोलायला लावू नकोस. पत्रात काय आहे ते तिला ठाऊक आहे आणि तिच्या तोंडात तीळ भिजत नाही.

फोन असताना पत्र कसलं, असं म्हणशील. मंगळवारी तुला दोनदा फोन केला. पहिल्यांदा मोरीतल्या गळक्या नळाबद्दल बोललो, दुसऱ्यांदा तोच नळ दुरुस्त झाल्याबद्दल. तू म्हणालीस, "दादा, ऑपरेशन माझं आहे, घाम तुला का फुटलाय?" त्याचं उत्तर द्यायला बसलो आहे.

गेल्या शुक्रवारी आपण डॉक्टरीणबाईंच्या खोलीत बसलो होतो. त्यांनी सगळं नीट समजावलं. थायरॉईडमधली गाठ नऊ मिलिमीटरची, कॅन्सरची, पण लहान आणि संथ. प्रश्न एवढाच की ती शेजारच्या ग्रंथींमध्ये पसरली आहे का. सोनोग्राफीत तिथे काही दिसत नाही, पण एवढ्याशा गाठीसुद्धा कधीकधी गुपचूप पसरतात. म्हणून ऑपरेशनच्या आधी त्या एका तक्त्यावर गुण मांडतात. गाठीचा आकार, तिच्या कडा, आतले पांढरे ठिपके, ती थायरॉईडच्या आवरणाला टेकली आहे का, पेशंटचं वय. साठाच्या वर गेलं तर श्वासनळीजवळच्या ग्रंथीही काढायच्या. खाली राहिलं तर नुसती अर्धी थायरॉईड. तुझे आले चोपन्न.

मला तो तक्ता आवडला होता. तीस वर्षं दुकानदारांचे काटे तपासणाऱ्या माणसाला असलं काही आवडणारच. तुला आवडला वेगळ्या कारणाने. त्या ग्रंथींच्या अगदी लगत आवाजाची नस जाते असं ऐकून तुझा चेहरा पडला होता, तो चोपन्न ऐकल्यावर खुलला. "सुटले बाई," तू म्हणालीस, "माझा आवाज गेला तर बसस्थानकात गाड्यांना कोण सांगणार कुठल्या फलाटावर लागायचं?" डॉक्टरीणबाई हसल्या. मी मूग गिळून बसलो.

कारण वयाच्या रकान्यात त्यांनी सेहेचाळीस लिहिलं होतं, आणि शेजारीच छापलं होतं: पंचेचाळीसच्या आत असेल तर दहा गुण जास्त.

ठमे, तू सेहेचाळीस वर्षांची नाहीस. चव्वेचाळीस वर्षांची आहेस.

दुसरी एखादी असती तर खूश झाली असती, भावाने फुकटात दोन वर्षं कमी केली म्हणून. थट्टा जमत नाही आज. सरळ सांगतो.

तुझ्याआधी आपल्याला एक बहीण होती. अकरा महिन्यांची होऊन तापात गेली. मी दहा वर्षांचा होतो. तिच्या जाण्याची नोंद बाबांनी कुठेच केली नाही, त्यांना तो कागद हातात धरवला नसता. पुढच्याच महिन्यात आपण घर बदललं. नव्या गल्लीत तिला कोणी पाहिलंच नव्हतं. दीड वर्षाने तू झालीस, घरीच, आणि तुझं नाव ठेवायचा कोणाला धीर होईना. मी म्हणायचो म्हणून सगळे ठमी म्हणत. शाळेत घालायची वेळ आली तेव्हा दाखला मागितला. घरात एकच दाखला होता, तिचा. आई म्हणाली, "तेच नाव राहू दे, कुणीतरी वापरेल." म्हणून तू वर्गात कागदावर सगळ्यांत मोठी आणि बाकावर सगळ्यांत बुटकी.

"आई मला कधीच नावाने हाक मारत नाही," अशी तुझी जन्मभर तक्रार होती. तिच्याने ते नाव उच्चारवत नव्हतं गं. तुझ्यावर राग नव्हता तिचा. हे मी तुला तिच्या हयातीत सांगायला हवं होतं. एकदा विचारलंही तिला. "तिला कशाला आता," एवढंच म्हणाली, आणि मला ते सोयीचं वाटलं.

शुक्रवारपासून जिवाला चैन नाही. बोललो तर ऑपरेशन वाढेल, कदाचित तुझा आवाज जाईल, आणि तो माझ्यामुळे जाईल. नाही बोललो तर तुझ्या मानेत काय राहून जाईल ते मी पाहू शकत नाही, कोणीच पाहू शकत नाही. काल एका वाण्याचा काटा पाच ग्रॅमने खोटा निघाला, तर मी त्याच्यावर इतका खेकसलो की बरोबरचा शिपाई माझ्याकडे बघत राहिला.

दुपारी डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "चौसष्ट झाले म्हणजे पसरलाच आहे असं नाही. पण मला पुन्हा सोनोग्राफी करून बघावी लागेल, पुन्हा ठरवावं लागेल. मात्र हे मला त्यांनी स्वतः सांगायला हवं. वय त्यांचं, मान त्यांची." ग्रंथी काढल्या तरी बहुतेकांचा आवाज शाबूत राहतो, असंही म्हणाल्या. बहुतेकांचा म्हणजे किती, ते विचारायची माझी छाती झाली नाही. तू विचार.

ऑपरेशन सोमवारी आहे. आज दोनपर्यंत त्या दवाखान्यात असतात, नंबर वहिनीकडे आहे. तुझी खरी तारीख नऊ ऑगस्ट. दाखल्यावरच्या सालापेक्षा दोनाने पुढचं साल सांग. दुपारची वेळ होती, सुईणीने तुला आधी माझ्याच हातात दिलं.

माझ्यावर रागावशील, बोलणार नाहीस, ते मी सोसेन. फक्त आधी फोन कर. एक बहीण गेली तेव्हा मी लहान होतो, माझ्या हातात काही नव्हतं. या वेळी होतं, आणि मी सहा दिवस गप्प बसलो. मला भीती वाटते आहे, ठमे, फार.

तुम्हा दोघींचा,
दादा