नकाशातलं भोक

बुधवार, संध्याकाळ

लायडारच्या, म्हणजे विमानातून लेझर सोडून मोजलेल्या ठिपक्यांवरून जमिनीचा नकाशा कसा करायचा, त्याचा पोरांना शिकवायचा व्हिडिओ आज पुरा झाला. कोड बराबर चालला. तरी एक जागा टोचून राहिली. सिद्धेश्वर धरणाच्या पाण्यावरून लेझर परत आला नाही, म्हणून नकाशात तिथं भोक. ते मी कोडच्या एका ओळीत बुजवलं आणि पुढं गेलो.

परत ऐकताना माझाच आवाज खटकला; भोकापाशी तो घाईनं पळत होता. मोंढ्यात धान्याची दलाली करून वर आलेला माणूस मी. विकणारा जिथं घाई करतो, तिथलंच पोतं उघडून बघायचं असतं. तेवढ्यात स्वयंपाकघरातून बायको सलमा हसली, "तिथं काहून पळून राहिले हो? कुत्रं मागं लागलं व्हय?"

तिचं खरं होतं. ते भोक मापानं न्हाई, अंदाजानं भरलेलं. शिकणारं पोरगं उद्या त्यालाच खरी उंची समजलं तर?

तेवढा भाग पुन्हा केला. भोक उघडं ठेवलं आणि सांगितलं, "इथं मोजलेलं काही नाही. भरायचं तर भरा, पण वेगळ्या रंगात दाखवा."

नकाशा आता तितका देखणा नाही. व्हिडिओ मात्र दोनदा ऐकला. आवाज कुठंच पळत नाही.