ताईच्या वाटचे घास

१२ ऑक्टोबर

कचेरीतून आले तर जिन्यापर्यंत लसणाचा वास. ताई ओट्यापाशी उभी. एका हाताने ओट्याची कड धरलेली, दुसऱ्या हातात उलथनं. दवाखान्यातून माझ्याकडे येऊन अठराच दिवस झालेत. पोटात नळी, गळ्यावर टाके, कॅन्सरपायी अर्धी जीभ कापून काढलेली — आणि ही बाई टोमॅटो शिजवते आहे.

"अगं, तू खाणार कशी?" तोंडून निघून गेलं. निघायला नको होतं.

तिचं बोलणं सख्ख्या बहिणीलाही उमगत नाही, म्हणून शाळेतल्या पोरांची असते तशी पाटी आणून ठेवली आहे. तिने ती ओढली.

"मी नाही. तू."

१३ ऑक्टोबर

टोमॅटोचा रस्सा, त्यात पास्ता, वर बेझिलची पानं. मी खाल्लं. "छान झालंय," म्हटलं.

पाटी: "छान म्हणजे काय? आंबट किती? लसूण पुढे येतो की मागे राहतो?"

मी काय सांगणार, कपाळ! आयुष्यभर पोट भरण्यापुरतं खाल्लं. ब्रेड, दूध, उकडलेलं अंडं. ताई मला लहानपणापासून चिमणी म्हणते ते उगीच नाही. तिचं तसं नव्हतं. एकोणीस वर्षं तिने एका इटालियन इंजिनियरच्या घरी स्वयंपाक केला. इंजिनियरच्या म्हाताऱ्या आईने तिला हाताला धरून शिकवलं. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी रोज कडाकडा भांडायच्या. म्हातारीचा नियम एकच — बाजारात आज जे उतू चाललंय तेच ताटात. मोसम सरला की त्या भाजीचं नाव काढायचं नाही.

१९ ऑक्टोबर

शिकते आहे. घास तोंडात धरायचा, लगेच गिळायचा नाही. आज सांगितलं — आधी गोड, मग आंबट, शेवटी जिभेच्या कडेला जरासं कडू.

ताईने डोळे मिटून ऐकलं. मग लिहिलं, "लसूण करपला. माझं लक्ष नव्हतं."

माझ्या तोंडून तिला तिची चूक कळली. मी जरा घाबरलेच.

२७ ऑक्टोबर

दर तीन तासांनी नळीतून ते पांढरं पातळ औषधी दूध. मी कचेरीत असताना तिचं तीच घेते. घरी असले की सिरिंज मी धरते, ती भिंतीकडे बघते. संपलं की हात धुते आणि कांदा चिरायला घेते. मला हे रोज बघवत नाही. रोज बघते.

३ नोव्हेंबर

वांग्याचे काप तळून त्यांचे थर लावले, मधे टोमॅटो, वर चीज, आणि ओव्हनमध्ये. दुपारभर उभी होती. पाय सुजले.

खारट! घास घशाखाली उतरेना. पण तिचे ते पाय बघून म्हटलं, "एकदम बरोबर जमलंय."

ती इतकी खूश झाली की वाटीभर खालच्या मास्तरांना द्यायला लावलं. मास्तर म्हणजे निवृत्त माणूस, एकटे, आणि खरं बोलायची खोड. संध्याकाळी वाटी परत करायला आले. "बाकी उत्तम हो. मीठ मात्र हात सैल सोडून पडलंय."

ते गेले.  मग पाटी:

"माझी जीभ गेली. तुझी होती, ती तू खोटी केलीस."

४ नोव्हेंबर

ओटा कोरडा.

७ नोव्हेंबर

तीच गत. पाटीवर अजून तेच वाक्य. ती पुसत नाही, मी पुसायला धजत नाही.

८ नोव्हेंबर

शेवटी मीच गॅस पेटवला. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशीकडून लाल भोपळ्याची फोड आणली. मावशी म्हणाली, "ताई दिसल्या नाहीत चार दिवस. बऱ्या आहेत ना?" "बरी आहे," म्हटलं. हेही खोटंच.

भोपळा भाजला, कुस्करला, मैद्यात मळला. त्याच्या बोराएवढ्या गोळ्या करून उकळत्या पाण्यात सोडायच्या, तरंगून वर आल्या की लोण्यात परतायच्या. म्हातारी त्यांना न्योकी म्हणायची. माझ्या वर आल्याच नाहीत. पातेल्यात नुसती खळ — भिंतीवर कागद चिकटवायला घ्यावी अशी.

मागे वळले तर दारात ताई. किती वेळ उभी होती कोण जाणे. मी एक चमचा तोंडात घातला आणि सांगून टाकलं, "कच्च्या पिठाचा वास येतोय. भोपळा गोड आहे, पण पिठात बुडून मेलाय. आणि मीठ घालायलाच विसरले."

ती हसली. टाक्यांमुळे हसू अर्ध्याच चेहऱ्यावर येतं. पाटी पुसली. "पीठ निम्मं. भोपळा आधी निथळू द्यायचा असतो, चिमणे."

मग स्टूल ओढून बसली आणि माझ्याकडून पुन्हा सगळं करून घेतलं. चुकले की लाटणं टेबलावर आपटायची. दुसऱ्या खेपेला तरंगल्या.

२० नोव्हेंबर

पालकाच्या जुड्या भरभरून आल्या आहेत. ताईचं वजन आणखी दोन किलोंनी उतरलं.

२ डिसेंबर

डॉक्टर म्हणाले, सोळा तारखेला गिळण्याची तपासणी करू. जमलं तर पातळ सूपापासून सुरुवात.

घरी आल्यावर ताईने पाटी दोन्ही बाजूंनी भरली — पहिल्यांदा काय खायचं त्याची यादी. मग एकेक पुसत गेली. शेवटी उरलं — कांदा, गाजर, पाणी.

"एवढंच?" मी विचारलं.

ती काहीतरी बोलली. कळलं नाही. तिने पुन्हा सांगितलंही नाही, नुसती मान हलवली. एवढंच.

१६ डिसेंबर

ताईला पांढरं काहीतरी प्यायला दिलं आणि ते कसं उतरतं ते डॉक्टर पडद्यावर बघत राहिले. बाहेरच्या बाकावर डॉक्टर आमच्या शेजारी येऊन बसले. उभ्याने सांगितलं असतं तर बरं होतं. बसले म्हटल्यावर मी समजले.

"घास अन्ननलिकेत न जाता श्वासाच्या वाटेने उतरतोय. ठसकाही लागत नाही, म्हणजे कळायचंही नाही. तोंडाने काही द्यायचं नाही. पाणीसुद्धा नाही. फुप्फुसात गेलं तर न्युमोनिया होईल, आणि तो यांच्या अंगाला झेपायचा नाही."

"असं किती दिवस?"

"नळी आता कायमचीच धरून चाला."

ताईने मान डोलावली. आज दुकान बंद आहे म्हणून कुणी सांगावं, तशी.

 थांब्यावर उतरलो तर थेट भाजीवाल्या मावशीच्या गाडीपुढे जाऊन उभी राहिली. मटाराच्या शेंगांकडे बोट केलं, मग दोन बोटं दाखवली. दोन किलो. मावशी म्हणाली, "दोघींना एवढे?" मी पिशवी पुढे केली.

१७ डिसेंबर

सुटी टाकली. सकाळभर मटार सोलले. सालं उकळून त्याचंच पाणी केलं. तांदूळ लोण्यात परतायचा आणि ते पाणी पळी-पळीने घालत ढवळत राहायचं. हात थांबवायचा नाही. ती दमली की मी, मी दमले की ती. शेवटी मटार आणि किसलेलं चीज.

जेवायला समोरासमोर बसलो. तिच्यापुढे पाटी, माझ्यापुढे ताट. मी सांगत गेले. "भात बाहेरून मऊ आहे, पण आतला दाणा अजून उभा आहे. मटार चावला की फुटतो. गोड — पण साखरेसारखा नाही, कोवळ्या शेंगेचा हिरवा गोड. लोणी मागून येतं, टाळूला धरून राहतं."

आणि मी बोलत असताना तिचा गळा हलला. घास गिळावा तसा. दोनदा.

मी चमचा खाली ठेवला. तिने बोटाने ताट माझ्याकडे सरकवलं — खा. मी खाल्लं. पोट फुटेस्तोवर खाल्लं.

२८ डिसेंबर

कचेरीत सगळ्या म्हणतात, "अंग धरलंस गं, काय मानवलं तुला?" ऑक्टोबरपासून साडेचार किलो वाढले आहे. ताईचं नऊ गेलं. हिशोब करू नये म्हणतात. होतो.

४ जानेवारी

मानेत गाठ. तिला आधीच लागली होती हाताला. तिने मला आज दाखवली.

९ जानेवारी

रिपोर्ट आला. पुन्हा तेच.

"आता कापाकापी नको," डॉक्टर म्हणाले. "त्रास कमी कसा होईल तेवढं बघू." ताईने लिहिलं, "किती?" त्यांनी पाटी वाचली, चष्मा काढला. "उन्हाळा दिसेल असं नाही सांगता येत."

घरी येऊन तिने लिहिलं, "म्हणजे आंबे नाहीत." आणि हसली. मला राग आला. असला राग की पाटी हिसकावून घेतली आणि मोरीत नेऊन धूत बसले. स्वच्छ झाली तरी धूत बसले. बाहेर आले तर ताई गाजरं किसत होती.

१५ जानेवारी

तिला आता उभं राहवत नाही. ती स्टुलावर, मी ओट्याशी. काही लिहीत नाही फारसं. बोट दाखवते, मला कळतं.

मास्तर आले होते. ताईला म्हणाले, "धाकटीच्या हाताला तुमचं वळण आलंय." ताईने नाक मुरडलं. पण नंतर दिवसभर चेहरा उजळ होता.

२३ जानेवारी

फ्लॉवरचं दाट सूप केलं होतं, लोणी घालून घोटलेलं. मी माठातलं पाणी घ्यायला वळले. परत फिरले तर माझा चमचा ताईच्या हातात. घास तोंडात. ओठाच्या कोपऱ्यातून थोडा ओघळलेला.

मी फोन उचलला. डॉक्टरांचा नंबर लावायला लागले. तिने मनगट धरलं. एवढी ताकद तिच्यात उरली असेल असं वाटलं नव्हतं. पाटी शेजारीच होती, ती घेतली नाही. बोलली. आणि मला लख्ख कळलं.

"वाढ."

फोन खाली ठेवला. दुसरी वाटी घेतली. वाढलं.