दोब्रिलाचं लोह आणि आमची घाई

पिरोत, मिरच्या भाजण्याचे दिवस

आदरणीय रुझित्साताई यांस,

व्लादेताचा नमस्कार. तुमचे गुडघे, तुमचं मांजर आणि वरच्या मजल्यावरचा तो ट्रम्पेटवाला, तिघेही सध्या शांत असतील अशी आशा करतो. तुमची धाकटी बहीण, माझी दोब्रिला, आता बरी आहे. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं अर्धं वाचूनच तुम्ही निशच्या बसस्थानकाकडे धावत सुटाल.

झालं असं, की हिवाळ्याच्या चटणीसाठी, आपल्या अय्वारसाठी, भाजलेल्या मिरच्या सोलता सोलता दोब्रिलाला हुडहुडी भरली. डॉक्टर इस्क्रांनी तपासलं, मूत्रपिंडात जंतू शिरलेत म्हणाल्या, गोळ्या दिल्या, रक्त घेतलं. रिपोर्टात लोह अगदी तळाला! झालं, शेजारच्या तुमच्या स्तानोयकामावशी बाह्या सरसावून हजर. काळीज, बीट, खाजकुइलीच्या पाल्याचं सूप, आणि लोह उतरावं म्हणून रात्रभर खिळे टोचून ठेवलेलं सफरचंद (खिळे मी दिले, कोंबड्यांच्या खुराड्यासाठी आणलेले, पण नवे होते, शपथ). त्यात तुम्ही बस ड्रायव्हरच्या हाती पाठवलेल्या लोहाच्या गोळ्या पोचल्या. त्या आम्ही डॉक्टरांच्या गोळीबरोबर एकाच घोटात देत होतो, बिचारीला दोनदा उठायला नको म्हणून.

ताप मात्र हटेना. दोब्रिला बोलेनाशी झाली. मी तिच्यासमोर मिरच्यांत दुप्पट मीठ घातलं तरी ती गप्प! ताई, तेव्हा माझं धाबं दणाणलं. मी अंगणातल्या चुलीपाशी जाऊन उभा राहिलो. (डोळ्यांत धूर गेला, असं मावशींना सांगितलं.)

डॉक्टर पुन्हा आल्या, तर उशाशी ते सफरचंद.

"हे काय, साळिंदर?"

"लोह आहे ते," मावशी म्हणाल्या. "तुमच्याच कागदावर लिहिलंय ना, कमी आहे म्हणून?"

"अहो मावशी, जंतूंनाही वाढायला लोह लागतं. ते आत शिरले की शरीर रक्तातलं लोह आत दडवून ठेवतं, पोटातून येणारी वाटही अडवतं. जंतू लोह ओढून आणायला बारीक बारीक रेणू सोडतात, तर पांढऱ्या पेशी तेही मधल्यामध्ये पकडतात. हिचं लोह संपलेलं नाही. हिच्या शरीराने जंतूंना उपाशी मारायला काढलंय."

"आणि आम्ही पंगत वाढतोय!" मी म्हणालो.

तेवढ्यात त्यांना तुमच्या गोळ्या दिसल्या. (राग मानू नका, नाव मी तुमचंच सांगितलं.) लोह त्यांच्या औषधाला पोटातच धरून बसतं, रक्तात जाऊ देत नाही, असं म्हणत त्या माझ्यावर अशा कडाडल्या की कोंबड्यासुद्धा खुराड्यात शिरल्या. लोहाचं काय ते जंतू गेल्यावर बघू. उद्या ताप उतरला नाही तर हॉस्पिटल, असं बजावून गेल्या.

आम्ही सगळं बंद केलं, नुसतं औषध दिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी दोब्रिला घामाने निथळत उठून बसली आणि म्हणाली, "अय्वार कोण ढवळतंय? खाली लागलंय, वास येत नाही तुला, ठोंब्या?" लग्नाच्या दिवशीही ती माझ्याशी इतकं गोड बोलली नव्हती.

मोठ्यांना नमस्कार, मांजराला गोंजारणं.

आपला नम्र,
व्लादेता

ता. क. : पत्राचं खरं कारण हे. मावशींना आता नवं शास्त्र पटलंय. कढई लोखंडी म्हणून लपवली, पलंग लोखंडी म्हणून दोब्रिलाला लाकडी बाकावर हलवलं, आणि जेवायला दूध-पाव, पाव-दूध. तेव्हा रविवारी या आणि मावशींना महिनाभर निशला घेऊन जा. पाया पडतो.

ता. क. २ : रुझा, मी दोब्रिला. याचं पत्र वाचलं. मावशी नसली तर एवढा अय्वार कोण ढवळणार? तिला राहू दे. तू ये आणि याला घेऊन जा.